पाऊल रुंद आहे? पुरुषांसाठी वाइड फिट शूज निवडण्याची पद्धत

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नंबर किती?" आपण आठ, नऊ, दहा असं काहीतरी सांगतो. हा आकडा फक्त पावलाच्या लांबीचा आहे, रुंदीबद्दल तो काहीच सांगत नाही. ज्यांचा चवडा रुंद आहे त्यांना आठ नंबर करंगळीपाशी लागतो. मग नऊ नंबर काढून दिला जातो, तो जरा सैल वाटतो आणि तोच घेऊन माणूस घरी येतो. महिन्याभरात टाच निसटायला लागते, बोटं पुढे घसरतात, नखं काळी पडतात. करंगळीची भोवरी तर जिथल्या तिथेच राहते.

असं होण्याचं कारण साधं आहे. यूके मापात एक नंबर वाढला की लांबी साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढते, रुंदी मात्र जेमतेम दोन-तीन मिलिमीटरने. शिवाय प्रत्येक बुटाची वाकण्याची जागा ठरलेली असते. चालताना पाऊल चवड्यापाशी वाकतं, बूटही तिथेच वाकायला हवा. लांब बुटात ही जागा बोटांकडे सरकते, म्हणजे पाऊल एका ठिकाणी वाकतं आणि बूट दुसऱ्याच. पोटऱ्या भरून येणं, तळवा दुखणं, पायरीला ठेच लागणं यामागे बऱ्याचदा हेच असतं.

म्हणून या लेखातलं एकच सूत्र पक्कं धरा. लांबी आणि रुंदी ही दोन वेगळी मापं आहेत. रुंदी कमी पडली तर रुंदीच वाढवायची, नंबर नाही.

यात पावलाचा काही दोष नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली, तेव्हा भारतीयांची पावलं युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धतीही सुचवली गेली. दुकानात मात्र अजून यूके नंबरच चालतो, तेव्हा आपलं माप आपणच घ्यायचं.

आधी हे जमवा

- ए-फोर आकाराचे दोन कोरे कागद आणि एक जाड पुठ्ठा (शर्टाच्या पॅकिंगमधला चालतो)
- पेन्सिल, पट्टी, कात्री
- शिंप्याकडे असते तशी कापडी टेप
- जे मोजे घालून तुम्ही रोज चालणार आहात तेच मोजे
- सध्या वापरात असलेले जुने बूट
- डॉक्टरांनी दिलेला सुकतळा किंवा टाचेची गादी वापरत असाल तर तीही

१. माप घ्या, तेही संध्याकाळी

दिवसभर उभं राहिल्यावर आणि चालल्यावर पाऊल थोडं फुगतं. उन्हाळ्यात जास्तच, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात सकाळी सात वाजताचं पाऊल आणि संध्याकाळी सहाचं पाऊल यांत सहज जाणवेल एवढा फरक पडतो. सकाळी मोजून घेतलेला बूट संध्याकाळी आवळतो. म्हणून माप आणि खरेदी, दोन्ही संध्याकाळी पाचनंतर करा.

कागद फरशीवर भिंतीला टेकवून ठेवा. मोजे घाला, टाच भिंतीला लावा आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. बसून घेतलेलं माप चुकतं, कारण भार पडल्यावरच पाऊल पसरतं. बाह्यरेषा स्वतः वाकून काढू नका, वाकलं की भार हलतो. घरातल्या कुणाला तरी काढायला सांगा. पेन्सिल अगदी उभी धरायची. ती आत तिरकी गेली तर पाऊल अरुंद दिसतं, बाहेर झुकली तर उगाच रुंद.

आता तीन मापं लिहून ठेवा.

लांबी म्हणजे भिंतीपासून सर्वांत पुढे आलेल्या बोटापर्यंतचं अंतर. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तिथे त्या बोटापर्यंत मोजा.

रुंदी म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या उंचवट्यापासून करंगळीच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंतचं अंतर. ही रेष थोडी तिरकी येते, कारण करंगळीचं हाड टाचेच्या बाजूला असतं. सरळ आडवी पट्टी ठेवली तर माप कमी भरतं.

घेर म्हणजे याच दोन उंचवट्यांवरून पावलाभोवती गुंडाळलेल्या टेपचं माप. हेही उभं राहूनच घ्या. टेप आवळू नका, नुसती टेकू द्या.

दोन्ही पावलं मोजा. बहुतेकांचं एक पाऊल दुसऱ्यापेक्षा थोडं मोठं असतं. बूट नेहमी मोठ्या पावलाच्या मापाने घ्यायचा.

मग मोठ्या पावलाची बाह्यरेषा पुठ्ठ्यावर उतरवून कापून घ्या. पेन्सिलीच्या जाडीमुळे हा साचा खऱ्या पावलापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठा होतो, म्हणून रेषेच्या आतल्या कडेने कापा. हा पुठ्ठा पिशवीत घालून सोलापूरच्या नवी पेठेत गेलात तर निम्मं काम पायात बूट न घालताच होतं. ते कसं, ते पाचव्या पायरीत.

२. पाऊल नेमकं कुठे रुंद आहे ते ओळखा

"माझा पाय रुंद आहे" एवढ्यावर बूट मिळत नाही. चार वेगवेगळ्या अडचणी या एकाच वाक्यात दडलेल्या असतात आणि चारींचा उपाय वेगळा आहे.

चवडा रुंद, टाच नेहमीची. आपल्याकडे हा प्रकार फार दिसतो. जुन्या बुटाची जाळी करंगळीपाशी बाहेर फुगलेली किंवा फाटलेली असेल तर तुम्ही यात आहात. तुम्हाला खरोखरचा वाइड बूट हवा, पण टाचेला घट्ट बसणारा.

पाऊल वरून उंच. इथे रुंदी नेहमीचीच असते, पण लेसखाली दुखतं, बुटाची जीभ रुतून वळ उठतो, पाय आत घालायलाच त्रास होतो. रुंदीचं माप साधारण आणि घेर मात्र मोठा, असे आकडे आले तर हा प्रकार समजा. यावर बऱ्याचदा वाइड बूट लागतच नाही, लेस ओवण्याची पद्धत बदलली तरी काम भागतं.

सपाट पाऊल. तळवा ओला करून शहाबादी फरशीवर उभे राहा आणि बाजूला व्हा. मधली कमान कोरडी न राहता पूर्ण पाऊल उमटलं, तर कमान बसलेली आहे. असं पाऊल मध्यभागी बुटाच्या आतल्या कडेवर सांडतं. त्याला मध्ये रुंद आणि जरा ठाम बुड असलेला बूट लागतो.

अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं. यात नुसती रुंदी पुरत नाही, त्या जागेवर शिवण किंवा प्लास्टिकची पट्टीही नको. तिथे मऊ, ताणली जाणारी जाळी असलेला बूट बघा. दुखणं वाढत असेल, हाड लाल होत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, बूट नंतर.

३. खोक्यावरची अक्षरं वाचायला शिका

रुंदी इंग्रजी अक्षरांत लिहिलेली असते. पुरुषांच्या बुटात डी म्हणजे नेहमीची रुंदी, २ई म्हणजे रुंद, ४ई म्हणजे जास्त रुंद आणि बी म्हणजे अरुंद. खोक्यावर अक्षरच नसेल तर तो डी आहे असं धरून चाला.

ही अक्षरं बायकांच्या बुटात वेगळी चालतात. तिथे बी नेहमीची आणि डी रुंद. ऑनलाइन यादीत "वाइड, डी" असं दिसलं तर तो बायकांचा बूट नाही ना, हे आधी बघा.

अंदाजासाठी एक उदाहरण घेऊ. पाऊल साडेसव्वीस सेंटिमीटर लांब असेल आणि चवड्याची रुंदी १० ते १०.३ सेंमी भरली, तर डी चालेल. साडेदहाच्या पुढे गेली तर २ई बघायला सुरुवात करा. ११ सेंमी किंवा जास्त असेल तर ४ई. प्रत्येक कंपनीचा फर्मा (ज्या साच्यावर बूट बनतो तो) वेगळा असल्यामुळे हा फक्त पहिला अंदाज आहे, त्या-त्या कंपनीचा तक्ता जुळवून बघाच.

लांबीतही घोळ आहे. यूके ८ सगळीकडे सारखा नसतो. नायकी आणि ॲसिक्सच्या यूके ८ वर २७ सेंमी लिहिलेलं असतं, आदिदासच्या यूके ८ वर २६.५. म्हणून लेबलवरचा सेंटिमीटरचा आकडा पाहण्याची सवय लावा. तो आपल्या मोठ्या पावलाएवढा किंवा त्याहून अर्धा सेंमी जास्त असावा.

आता ज्या शब्दांनी सगळ्यात जास्त लोक फसतात ते शब्द. 'कम्फर्ट फिट', 'रिलॅक्स्ड फिट', 'रूमी टो' म्हणजे वाइड नव्हे. स्केचर्सचा रिलॅक्स्ड फिट बोटांपाशी ऐसपैस असतो, पण त्यांचा वाइड फिट हा वेगळा प्रकार आहे आणि खोक्यावर तसं स्वतंत्र लिहिलेलं असतं. अल्ट्रासारख्या कंपन्या पुढचा भाग पावलाच्या आकाराचा ठेवतात. बोटं पसरायला तो उत्तम आहे, पण चवडा किंवा मधला भाग रुंद असेल तर तेवढ्याने भागेलच असं नाही. खऱ्या अर्थाने वेगवेगळ्या रुंदीत बूट काढण्यात न्यू बॅलन्स, ब्रूक्स आणि ॲसिक्स आघाडीवर आहेत. न्यू बॅलन्सचे ८८० आणि १०८०, ब्रूक्सचा घोस्ट, ॲसिक्सचा जेल कायानो हे बूट डी आणि २ई दोन्हीत निघतात, काही ४ईमध्येही. मात्र दुकानात मांडलेला नग बहुतेक वेळा डीच असतो. नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही, "याच्यात २ई आहे का, मागवून मिळेल का" असं स्पष्ट विचारा.

४. बूट कशासाठी हवा ते ठरवा

पार्क मैदानावर किंवा संभाजी तलावाच्या बाजूला रोज सकाळी चार-पाच किलोमीटर चालायचं असेल तर मध्यम मऊ बुडाचा चालण्याचा किंवा धावण्याचा बूट घ्या. धावण्याच्या बुटात चालायला काहीच हरकत नाही, उलट रुंदीचे पर्याय त्यातच जास्त मिळतात.

यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात किंवा दुकानाच्या काउंटरमागे आठ-दहा तास उभं राहायचं असेल तर फार मऊ बूट घेऊ नका. दुकानात गादीवर उभं राहिल्यासारखा वाटणारा फोम चार तासांनी दबतो आणि पाऊल एका बाजूला कलतं. अंगठ्याने दाबल्यावर थोडाच दबेल असा ठाम फोम आणि रुंद, सपाट तळ उभ्या कामाला बरा. कारखान्यात सुताचा भुसा उडत असेल तर फार मोठ्या भोकांची जाळी नको, भुसा आत शिरून मोज्यावर गोळा होतो.

कोजागरीला तुळजापूरला पायी जायचं असेल तर हिशेब वेगळा. सोलापूरहून हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर आहे. एवढ्या चालीत पाऊल नेहमीपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे बोटांपुढे दीड सेंटिमीटर तरी मोकळी जागा हवी. बूट किमान महिनाभर आधी घ्या आणि त्या महिन्यात दहा-बारा किलोमीटरच्या दोन-तीन चाली त्याच बुटात, त्याच मोज्यांत करा. कोरा बूट घालून पदयात्रेला निघू नका. फोड वाटेवरच्या तामलवाडीच्या आतच येतात.

सोलापूरच्या उन्हासाठी वरचा भाग विणलेल्या जाळीचा असलेला बरा. रेक्झिनचे बूट दिसायला छान असतात, पण आत घाम साठतो, कातडी मऊ पडते आणि मऊ कातडीला फोड लवकर येतात. काळ्या रंगापेक्षा फिका राखाडी बरा, उन्हात कमी तापतो आणि इथली धूळही त्यावर कमी दिसते.

५. दुकानातली तपासणी

या पायरीला अर्धा तास द्या. गर्दीच्या वेळी, दिवाळीच्या तोंडावर किंवा रविवारी संध्याकाळी गेलात तर हे नीट होत नाही. आडवार गाठा.

सुकतळा बाहेर काढा. बहुतेक स्पोर्ट्स शूजचा सुकतळा सुटा असतो. तो जमिनीवर ठेवून त्यावर तुमचा पुठ्ठ्याचा साचा ठेवा, टाचेला टाच जुळवून. पुढे १० ते १२ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. बाजूने साचा काडीभर बाहेर आला तर चालतं, कारण जाळी थोडी फुगते. पण करंगळीची जागा अर्धी बाहेर पडत असेल तर तो बूट पायात घालण्याचीही गरज नाही, परत ठेवा. सुकतळ्याच्या कडा वर वळलेल्या असतील तर फक्त सपाट भाग धरा.

दोन्ही बूट घाला आणि उभे राहा. एकाच पायात घालून ठरवू नका, बसून तर मुळीच नाही. लेस पूर्ण सैल करून पाय आत सरकवा, टाच मागे ठोकून बसवा, मग खालून वर लेस आवळत या.

लेसच्या दोन ओळींकडे वरून बघा. भोकांच्या दोन्ही ओळी एकमेकींना समांतर आणि साधारण दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर असाव्यात. त्या फार फाकल्या असतील तर घेर कमी पडतोय. अगदी एकमेकींना टेकल्या असतील तर बूट मोठा आहे.

करंगळीपाशी चिमट घ्या. चवड्याच्या सर्वांत रुंद जागी बाहेरून जाळीला बोटांनी चिमटा काढायचा. जाळी किंचित गोळा झाली तर माप बरोबर. ताणून बसलेली असेल, चिमटीत येतच नसेल आणि करंगळीचा आकार बाहेरून दिसत असेल तर अरुंद. मोठी घडी हातात आली तर जास्त रुंद. जास्त रुंद बूटही वाईटच, पाऊल आत सरकत राहतं आणि तळव्याला फोड येतात.

बोटं हलवा. बुटाच्या आत पाचही बोटं वर उचलता आणि थोडी पसरता आली पाहिजेत.

टाच पकडते का बघा. दुकानभर झपझप चाला. टाच हलकी उचलली गेली तर ठीक, नवा बूट कडक असतो. पण प्रत्येक पावलाला टाच बाहेर येत असेल आणि लेस आवळूनही थांबत नसेल तर तो फर्मा तुमचा नाही. टाचेभोवतीचा कप बोटांनी दाबून बघा, तो सहज चेपला जाऊ नये.

उतार करून बघा. दुकानाच्या पायऱ्या उतरा. उतरताना बोटं पुढे आपटली तर लांबी कमी आहे किंवा लेस सैल आहेत.

शेवटी बूट हातात घेऊन वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडत असेल तर सोडून द्या.

आणि एक वाक्य ऐकू येईल, "वापरून सैल होईल साहेब." कातडी बुटाच्या बाबतीत यात तथ्य आहे, कातडी थोडी ताणली जाते. स्पोर्ट्स शूजच्या जाळीवर प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या ताणल्या जात नाहीत. आणि जाळी सैल झालीच, तरी खालचा तळ रुंद होत नाही. पाऊल तळाच्या कडेवरून बाहेर लोंबत राहतं आणि बूट एका बाजूने झिजतो. दुरुस्तीवाल्याकडे लाकडी फर्म्यावर चढवून ताणून घेण्याचा उपाय कातडी बुटाला ठीक आहे. स्पोर्ट्स शूजला तो करू नका, डिंक सुटतो. बूट दुकानातच सुखाचा वाटला पाहिजे.

जाता जाता खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. पॅकबंद मालावर ते छापणं बंधनकारक आहे. गोदामाच्या उष्णतेत दोन-तीन वर्षं पडून राहिलेल्या बुटाचा डिंक कमजोर होतो आणि पॉलियुरेथेनचा तळ तर न वापरताही भुगा होऊन पडतो. मोठी सवलत लागलेल्या जोडीचं कारण कधी कधी हेच असतं. आयएसआय चिन्हही पाहा, क्रीडा-बुटांसाठी आयएस १५८४४ हे मानक आहे. ते दर्जाबद्दल सांगतं, रुंदीबद्दल नाही. 'फर्स्ट कॉपी' म्हणून विकल्या जाणाऱ्या नकली जोडीवर २ई छापलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका. नक्कल वरच्या डिझाइनची होते, फर्म्याची नाही.

६. लेस बदलून मिळणारी जागा

बूट जवळपास बरोबर आहे आणि एकाच ठिकाणी लागतोय, तर आधी हे करून बघा. फुकट आहे.

चवडा आवळत असेल तर सगळ्यात खालच्या, बोटांजवळच्या भोकांच्या जोडीतून लेस काढून घ्या आणि दुसऱ्या जोडीपासून ओवायला सुरुवात करा. पुढचा भाग लगेच मोकळा होतो.

पाऊल वरून उंच असेल तर दुखणाऱ्या जागेवर लेस फुलीसारखी ओलांडू देऊ नका. त्या ठिकाणी दोन्ही बाजूंची लेस सरळ वर, आपल्याच बाजूच्या पुढच्या भोकात न्या आणि तिथून पुन्हा फुली चालू करा. दाब देणारी फुलीच जाते.

चवडा सैल आणि टाच निसटते, असा त्रास वाइड बुटात होतो. घोट्याजवळ वर एक जादा भोक असतं, ते बहुतेक जण रिकामंच सोडतात. लेस खालच्या भोकातून बाहेर काढून त्याच बाजूच्या या वरच्या भोकात आत घाला, म्हणजे बाहेर एक छोटा फासा तयार होतो. दोन्ही बाजूंना असे फासे करा. मग उजवी लेस डाव्या फाशातून आणि डावी उजव्या फाशातून ओढून गाठ मारा. ओढताना हात वर नको, खाली आणि मागे, टाचेच्या दिशेने. टाच जागेवर बसते आणि पुढचा भाग सैलच राहतो.

७. ऑनलाइन मागवायचा असेल तर

२ई आणि ४ईचे बरेच प्रकार सोलापुरात हाताशी मिळत नाहीत. पुण्याला अडीचशे किलोमीटर जाण्यापेक्षा मागवणं सोयीचं, पण काही गोष्टी आधी बघा.

बदलून देण्याची मुदत आणि अट वाचा. काही विक्रेते फक्त नंबर बदलून देतात, पैसे परत करत नाहीत, आणि रुंदी बदलणं त्यांच्या यादीतच नसतं. तुमच्या पिन कोडवरून माल परत नेतात का, तेही तपासा. विक्रेत्याच्या पानावर मॉडेलखाली रुंदी निवडण्याचा वेगळा रकाना नसेल, तर वर्णनात 'वाइड' लिहिलेलं असलं तरी तो डी असण्याची शक्यता जास्त.

बूट आला की तळाला धूळ लागू न देता तपासा. फरशीवर जाड चादर अंथरा आणि पाचव्या पायरीतल्या सगळ्या चाचण्या त्यावरच करा, संध्याकाळी, मोजे घालून, निदान वीस मिनिटं. खोकं, लेबल, आतला कागद फेकू नका. तळ मळला किंवा लेबल फाटलं की परतावा नाकारला जातो.

८. पहिले पंधरा दिवस आणि नंतर

पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तास, मग हळूहळू वाढवा. बूट काढल्यावर पावलाकडे बघा. लाली आली आणि अर्ध्या तासात गेली नाही, तर त्या जागी बूट लागतोय.

मधुमेह असेल तर ही तपासणी रोज करा, कारण पायाची संवेदना कमी झाली की बूट लागतोय हे कळतच नाही. 'मला तर बरा वाटतो' या जाणिवेवर विसंबू नका, मापावर आणि डोळ्यांवर विसंबा. घालण्याआधी दर वेळी बुटात हात फिरवून खडा किंवा सुटलेली शिवण आहे का ते बघा. पायाला जखम असेल किंवा आधी होऊन गेली असेल तर स्पोर्ट्स शूज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. अशा पायाला एमसीआर (सूक्ष्म पोकळ्यांच्या मऊ) रबराचं खास पादत्राणही लागू शकतं.

मोज्यांची जाडी बदलली की माप बदलतं. आतून टॉवेलसारखे फंदे असलेले जाड मोजे २ईचा बूट डी करून टाकतात. रोजच्या वापराला पातळ ते मध्यम मोजे ठेवा. लांब चालीला निव्वळ सुती मोजे टाळा, ते घाम धरून ठेवतात. सुती आणि सिंथेटिक मिश्रण लवकर सुकतं.

बूट स्कूटीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. मे महिन्यात बाहेर पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेला असताना डिकीत त्याहून खूप जास्त तापतं. त्या उष्णतेने फोम आक्रसतो आणि डिंक सैल पडतो, म्हणजे मापात बसणारा बूट दोन आठवड्यांत आवळायला लागतो. धुवायचा तर मशीनमध्ये नको. सुकतळा आणि लेस काढा, ब्रश आणि साध्या साबणाच्या पाण्याने घासा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत सुकवा.

धावण्याच्या बुटाचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. रोज चार किलोमीटर चालत असाल तर महिन्याचे १२० होतात. चालण्याने झीज कमी होते, त्यामुळे बूट जास्त टिकतो, पण सहा महिन्यांनी तो टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कललेली दिसली किंवा फोमवर आडव्या सुरकुत्या कायमच्या बसल्या असतील, तर वरून कितीही नवा दिसला तरी बदलायला झाला. नवा घेताना पाऊल पुन्हा मोजा. वय आणि वजन वाढलं की पाऊल पसरतं, चाळिशीनंतर तर जुन्या नंबरावर भरवसा नको.

बिल आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. तळ सुटला किंवा शिवण उसवली तर वॉरंटीसाठी दोन्ही लागतात. दुकानदार किंवा विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवताना खरेदीची तारीख, बिलाची रक्कम आणि दोष दाखवणारे फोटो हाताशी ठेवा.